शिक्का सहीचा, मजकुराचा नव्हे

गव्हाण, ता. पनवेल

चि. भाच्यास,

दुबईत शाखा काढायची म्हणून कंपनीच्या कागदांवर अपोस्टिल घ्यायला निघाला आहेस, असे ताईकडून कळले. जरा थांब. अपोस्टिल चालते ते १९६१च्या हेग करारातल्या देशांत. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे, पण अमिराती त्यात नाहीत. म्हणून तुझ्या कागदांची वाट लांबची आहे: संचालक मंडळाचा ठराव आणि मुखत्यारपत्र आधी नोटरीकडे, मग चेंबर ऑफ कॉमर्सकडे, मग आपल्या परराष्ट्र मंत्रालयाकडे, पुढे अमिरातींच्या वकिलातीत आणि शेवटी तिथल्या मंत्रालयात. यातला प्रत्येक जण आधीच्याची सही ओळखतो, एवढेच. ठरावात काय लिहिले आहे ते कोणी वाचून खरे ठरवत नाही. अपोस्टिलही तेवढेच सांगते: सही खरी, सही करणाऱ्याचा हुद्दा खरा, शिक्का खरा. सातबाऱ्यावर तलाठ्याची सही असली म्हणून मालकीचा वाद मिटत नाही, हे संपादित जमिनींच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांनी आपल्याकडे पोराटोरांनाही शिकवले आहे. तोच न्याय इथे लाव.

तू म्हणशील, एजंट आहे की! आहे, आणि मंत्रालय कागद नेमलेल्या एजन्सीमार्फतच घेते, तेव्हा तो लागणारच. पण तो कागद नेतो-आणतो. ठरावात तुझे आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी, किंवा एकीकडे वडिलांचे नाव आणि दुसरीकडे नुसते आद्याक्षर, हे त्याच्या नजरेला खुपणार नाही. दुबईतल्या कारकुनाला खुपेल, आणि मग पाचही शिक्के पुन्हा पहिल्यापासून. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कंपनी नोंदणीचा दाखला डिजिटल सहीचा, मग नोटरी कशाला? ती सही संगणकावर तपासता येते, हे खरे. छापलेल्या कागदावर मात्र तिचे नुसते चित्र उरते, आणि वकिलातीच्या खिडकीत तू कागदच देणार आहेस. मागितली तर हाताशी असावी म्हणून दाखल्याची प्रमाणित प्रत काढून ठेव.

न्हावा-शेवा बंदरातून माल जाईल तेव्हा इनव्हॉइसचे प्रकरण वेगळे. व्यापार आणि कस्टमशी थेट संबंध असलेले सरकारी कागद तर हेग करारानेच बाहेर ठेवले आहेत. तेव्हा ती फाइल यात मिसळू नकोस. मुखत्यारपत्राच्या प्रत्येक पानावर नोटरीची सही आहे का बघ, आणि झेरॉक्ससाठी म्हणून स्टेपल उचकटू नकोस.

तुझा,
मामा