आरोग्याचा पाठ : पुरुषाच्या छातीतली गाठ



कर्करोग म्हटला की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे डोळ्यांपुढे येतो तो तोंडाचा. कारण खर्रा आणि तंबाखू घरोघर. स्तनाचा कर्करोग हा बायकांचा आजार, असेच आपण धरून चालतो. परंतु तो पुरुषालाही होतो. या रोगाच्या दर १०० रोग्यांत सुमारे एक पुरुष असतो. प्रमाण थोडे आहे, पण "आपल्याला कसा होईल?" या समजुतीमुळे माणूस दवाखान्यात फार उशिरा पोचतो. म्हणून हा पाठ.

पुरुषाला हा रोग कसा?

लहानपणी मुलाच्या आणि मुलीच्या छातीची घडण सारखीच असते. पुढे मुलीचे स्तन वाढतात. मुलाच्या बोंडामागे तो भाग थोडासा शिल्लक राहतो. कर्करोग त्यातच धरतो. मांस कमी, त्यामुळे गाठ हाताला चटकन लागते, हा फायदा. पण कातडी आणि छातीचे स्नायू अगदी लागून असल्याने ती तिकडे पसरतेही लवकर.

लक्षणे ओळखा

१. बोंडाखाली किंवा बाजूला टणक गाठ. ती बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच फसगत होते!
२. बोंड आत ओढले जाणे, त्यातून पाणी किंवा रक्त येणे.
३. कातडी आकसणे, लाल होणे, न भरणारी जखम.
४. काखेत गाठ.

प्रत्येक फुगवटा म्हणजे कर्करोग नव्हे. वयात येणाऱ्या पोरांची, काही औषधे घेणाऱ्यांची आणि म्हाताऱ्या माणसांची छाती थोडी फुगते, ते निराळे. पण निवाडा डॉक्टरांनी करायचा, आपण नाही.

धोका कोणाला?

बहुधा साठीच्या पुढे. घरात आई, बहीण, वडील यांना हा रोग झाला असल्यास अधिक. काही घराण्यांत बीआरसीए-२ नावाच्या जनुकातला दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, जशी काणी बेण्यातून पुढच्या उसात येते. हा दोष बापाकडून मुलीलाही जातो. तेव्हा बापाला रोग झाला तर लेकींनाही सांगितले पाहिजे. लठ्ठपणा आणि यकृताचा जुना आजार यांनी शरीरातले स्त्री-संप्रेरक वाढते व धोका वाढतो. मोहाची असो की दुकानातली, दारू यकृत खाते, हे ध्यानात ठेवावे.

लाज सोडा

गडचिरोलीतील वसा आणि अमिर्झा या दोन गावांत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी केलेली पाहणी १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. १०० पैकी ९२ बायकांना स्त्रीरोग आढळले. पूर्वी तपासणी व उपचार झालेल्या अवघ्या ८ होत्या. बायका सांगत नाहीत असे आपण म्हणतो. छातीत गाठ आली की पुरुषही तेच करतो, बनियनखाली झाकून ठेवतो. शेतात काणीचा काळा चाबूक दिसला तर आपण बेट मुळासकट काढून जाळतो, शेजाऱ्यापासून लपवत नाही. मग स्वतःच्या अंगाबाबत का लपवावे?

तपासणी आणि उपचार

सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी करतात, मग सुईने गाठीचा तुकडा काढून तपासतात. सुई लावल्याने रोग पसरतो हा समज खोटा आहे. उपचारात बहुधा शस्त्रक्रिया. गरजेप्रमाणे किरणोपचार व केमोथेरपी. पुरुषांतील बहुतेक गाठी संप्रेरकावर वाढणाऱ्या असल्याने टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या साधारण ५ वर्षे देतात. बरे वाटले म्हणून त्या मधेच सोडू नयेत. गाठ लहान असताना गेलेला माणूस बरा होण्याची आशा चांगली असते.

कुठे जावे?

आधी जवळच्या ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात. पुढे नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, किंवा मुंबईचे टाटा रुग्णालय. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. २०१२ साली ही योजना दुसऱ्या नावाने ज्या ८ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत गडचिरोली होते. रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत न्यावे.

महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी दोन्ही बोंडांभोवती आणि काखेत बोटे फिरवून पाहा. टणक काही लागले, तर धान कापणी किंवा ऊसतोड संपायची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात दाखवा. आणि हा पाठ घरातल्या मंडळींनाही वाचून दाखवा, अशी आमची विनंती आहे.