संकटकाळातील ग्रंथप्रदर्शन : एक विचार

कोरोनाच्या साथीत मार्च २०२० मध्ये शाळा-महाविद्यालये बंद झाली, वसतिगृहे रिकामी झाली. ज्यांच्या घरी अभ्यासाला कोपराही नव्हता, त्या मुलांचे ग्रंथालय हिरावले गेले. ती परतली तेव्हा कुणाच्या मनात भीती होती, कुणाच्या मनात दुःख. अशा मुलांना पुन्हा पुस्तकांकडे कसे वळवावे? ग्रंथप्रदर्शन हे त्याचे एक साधे पण समर्थ साधन आहे, असे आम्हांस वाटते.

प्रदर्शन म्हणजे जयंतीच्या दिवशी टेबलावर पुस्तके मांडणे नव्हे. त्याच्या मुळाशी एक प्रश्न असावा लागतो. ‘आपल्या आधीची माणसे साथीला कशी सामोरी गेली?’ हा प्रश्न घेतला, तर महाराष्ट्राचा इतिहासच समोर उभा राहतो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी तेथेच लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना बाधा झाली व १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. एकाचे उत्तर प्रयोगशाळेतले, दुसरीचे करुणेतले. पुण्यातील सक्तीच्या घरझडत्यांनी लोकक्षोभ उसळला, तोही मांडावा; लोकांचा विश्वास गमावला की उपायही पांगळा होतो, हा धडा त्यातून मिळतो.

मांडणी मात्र विद्यार्थ्यांनीच करावी. दोन-तीन पुस्तके वाचून पन्नास शब्दांची टीप लिहिणे आणि पाहुण्यांना ती समजावून सांगणे, यात वाचन, लेखन व वक्तृत्व तिन्ही साधतात. एक फलक कोरा ठेवावा. त्यावर वडिलांचे सुटलेले काम, गावाकडची पायपीट, शेजाऱ्याने दिलेले धान्य अशा स्वतःच्या आठवणी मुलांनी लिहाव्यात. ज्याच्या घरी मृत्यू झाला, त्याला मात्र आग्रह करू नये. तो नुसता वाचत उभा राहिला तरी पुरे. आपले दुःख एकट्याचे नाही, हे त्याला तेथे कळते.

‘राजगृह’ बांधताना बाबासाहेबांनी ग्रंथांसाठी जागा केली, हे आपण अभिमानाने सांगतो. ते ग्रंथ कपाटात बंद ठेवण्यासाठी नव्हते. म्हणून माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमची विनंती आहे : जुनी पत्रे, वृत्तपत्रे, छायाचित्रे रद्दीत देऊ नका, ग्रंथालयाला द्या. पुढच्या संकटात एखाद्या मुलाला त्यांतूनच धीर मिळेल.