भाषांतर माझं, मग चोरी कशी?

प्रश्न : एम.ए.च्या लघुप्रबंधात एका इंग्रजी पुस्तकातली तीन पानं मी स्वतः मराठीत आणली. सॉफ्टवेअरने साम्य फक्त ४ टक्के दाखवलं, तरी मार्गदर्शक बाई ‘वाङ्मयचौर्य’ म्हणतात. मेहनत माझीच ना?

उत्तर : मेहनत तुमची, पण विचार दुसऱ्याचा. बाईंचं बरोबर आहे. सॉफ्टवेअर शब्द जुळवतं. भाषा बदलली की ते सहज चकतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, ६०च्या पुढे नोंदणी रद्द होते. त्यामुळे ‘दहाच्या आत म्हणजे सुटलो’ असा समज पसरला आहे. पण दुसऱ्याचं काम किंवा कल्पना आपली म्हणून मांडणं, हीच त्या नियमांतली व्याख्या. तिथे टक्केवारी नाही.

उपाय सोपा आहे. त्या तीन पानांतलं अत्यावश्यक तेवढंच ठेवा, अवतरणचिन्हांत घाला आणि तळटीप द्या : लेखक, पुस्तक, वर्ष, पृष्ठ, ‘भाषांतर माझे’. उरलेला मजकूर पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत लिहा. तिथेही संदर्भ हवाच. शेवटी तुमचं मत जोडा. परीक्षक तेच शोधत असतात.