संसद आणि काँग्रेस : फरक कोठे आहे?

'काँग्रेस' म्हटले की आपल्याकडे पक्ष आठवतो, शेतकऱ्याला बांधावरचे गवत आठवते. अमेरिकेत ते कायदेमंडळाचे नाव आहे. ४३५ सभासदांचे प्रतिनिधिगृह व १०० सभासदांचे सिनेट मिळून तेथील काँग्रेस होते. आपले विद्यार्थी संसद व काँग्रेस एकच समजतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

फरक नावाचा नाही. सरकार कोणाच्या विश्वासावर उभे असते, याचा आहे. आपले मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते. मंत्री संसदेचा सभासद नसेल तर त्याला सहा महिन्यांत तसे व्हावे लागते. अमेरिकेत उलट आहे. मंत्री होणाऱ्याला काँग्रेसची जागा सोडावी लागते, आणि अध्यक्ष चार वर्षांसाठी स्वतंत्रपणे निवडून येतो.

१७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडले. १८६८ साली अमेरिकेचे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्याविरुद्ध सिनेटमध्ये ३५ व बाजूने १९ मते पडली, तरी ते राहिले. कारण दोन तृतीयांशाला एक मत कमी पडले. शिवाय तेथे नुसता अविश्वास पुरत नाही, गुन्ह्याचा आरोप लागतो.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हेच उलगडून सांगितले. अमेरिकन पद्धतीत स्थैर्य अधिक, ब्रिटिश पद्धतीत जबाबदारी अधिक. तेथे सरकारची पारख ठरावीक काळाने होते, येथे प्रश्न, ठराव, अविश्वास यांतून रोजही होते. मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले. आम्ही बँकेतली माणसे हे चटकन समजतो : वार्षिक तपासणी होणार आहे म्हणून कोणी रोजचा ताळा जुळवायचा सोडत नाही.

हा प्रश्न गावातही आला आहे. पूर्वी सरपंच सदस्यांतून निवडला जाई. २०१७ साली थेट निवड आली, २०२० साली गेली, २०२२ साली परत आली. थेट निवडलेल्या सरपंचाला काढण्यास तीन चतुर्थांश सदस्य लागतात, वर ग्रामसभेचे गुप्त मतदान. म्हणजे गाव अमेरिकेच्या वाटेने निघाले. वस्तीतून निवडून आलेल्या एकट्या सदस्याचे वजन यात घटते, असे आमचे मत आहे. त्याला आधार उरतो तो ग्रामसभेचा, कारण तेथे प्रत्येक मतदाराला विचारता येते.

आपल्याच जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे ग्रामसभेपुढे पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस कमी झाला तर कोणते पीक घ्यायचे नाही, हेही तेथेच, सर्वांसमक्ष ठरते.