पाहुणा कोण, यजमान कोण?

शास्त्रपाठ : गणना २७:१-७, लूक १०:५-८



आपल्या सेवाक्षेत्रात दरवर्षी पाहुणे येतात. कोणी देणगीदार असतात, कोणी कॉलेजचे विद्यार्थी, कोणी नुसते हौशी प्रवासी. त्यांना पाडा दाखवावा लागतो, घरे दाखवावी लागतात, जमल्यास नाचही. आदिवासी समाज पाहायला येणाऱ्या माणसाचे स्वागत नेमके कोणी करायचे आणि काय दाखवायचे हे कोणी ठरवायचे, या प्रश्नाचा अभ्यास या अंकात करू. त्यासाठी ऑस्ट्रेलियातील दोन ठिकाणे पाहू. तेथे आज मूळ रहिवासी स्वतः वाटाडे होऊन प्रवाशांना आपली भूमी दाखवतात. त्यांपैकी एका ठिकाणाची गोष्ट थेट मिशनच्या इतिहासाशी जोडलेली आहे.

१. दगडांत बांधलेली मासेमारी

व्हिक्टोरिया राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात बुज बिम नावाचा जुना ज्वालामुखी आहे. त्याच्या लाव्ह्याने तयार झालेल्या खडकाळ, पाणथळ भूमीवर गुंडिचमारा लोक राहत आले आहेत. त्यांनी तेथील काळ्या दगडांतून चर काढले, बांध घातले, तळी केली. नदी-ओढ्यांतून येणारी वाम, म्हणजे सापासारखा लांब मासा, या चरांतून तळ्यांत वळवायची, तेथे वाढू द्यायची आणि बांधाच्या फटीत विणलेली टोपली लावून हवी तेवढीच धरायची, अशी ही रीत. यातली काही बांधकामे निदान ६,६०० वर्षांपूर्वीची आहेत. जवळच दगडी घरांचे अवशेषही सापडतात. "हे लोक नुसते भटकत होते, जमिनीवर त्यांनी काही केलेच नाही," असे म्हणून ज्यांची भूमी घेतली गेली, त्यांच्या हातचे हे काम आहे. २०१९ मध्ये युनेस्कोने बुज बिमला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. केवळ मूळ रहिवाशांच्या संस्कृतीच्या मोलासाठी हा मान मिळालेले हे ऑस्ट्रेलियातील पहिले स्थळ.

आज गुंडिचमारा वाटाडे प्रवाशांना घेऊन या चरांच्या कडेने चालतात. पाणी कुठून येते, मासा कधी येतो, टोपली कशी विणतात, हे सारे ते सांगतात. सरोवराकाठी २०२२ मध्ये त्यांचे केंद्र उघडले. तेथे पाहुण्याला वामीचा पदार्थ चाखायला मिळतो.

२. मिशनची सावली

याच सरोवराजवळ १८६७ मध्ये अँग्लिकन मंडळीने लेक कोंडा मिशन सुरू केले. बाहेर वसाहतवाल्यांशी झालेल्या लढायांत गुंडिचमारा लोकांचा मोठा संहार झाला होता. त्यामुळे मिशनमध्ये त्यांना आसरा मिळाला, हे खरे. तेथील रहिवाशांच्या श्रमातून काळ्या दगडाचे सुंदर चर्च उभे राहिले. पण आसऱ्याबरोबर धाकही आला. आपली भाषा, आपले विधी सोडावेत असा दबाव आला. १८८६ च्या कायद्याने मिश्र रक्ताच्या, ३५ वर्षांखालील लोकांना मिशनबाहेर काढले आणि घरे फुटली.

पुढे मिशन बंद झाले. लव्हेट घराण्यातील पाच भाऊ पहिल्या महायुद्धात देशासाठी लढले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर मिशनची जमीन युद्धावरून परतलेल्या सैनिकांना वाटण्यात आली, पण गुंडिचमारा सैनिकांना त्यातला वाटा मिळाला नाही. १९५७ मध्ये ते दगडी चर्चही पाडून टाकले. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी ते दगड रचले, त्यांचे त्या दिवशी काय झाले असेल याचा आपण मिशनचे सेवक म्हणून शांतपणे विचार करावा.

३. सलाफहादाच्या मुली आणि दोन गुंडिचमारा स्त्रिया

आता पहिला शास्त्रपाठ पाहा. सलाफहादाच्या पाच मुली मोशे, याजक आणि सर्व मंडळीसमोर उभ्या राहतात. बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचे नाव आणि वतन का बुडावे, असा त्यांचा प्रश्न आहे. त्या दया मागत नाहीत, वाटा मागतात. मोशे तो प्रश्न परमेश्वरापुढे नेतो आणि या मुलींचे म्हणणे योग्य आहे, असा निकाल मिळतो.

गुंडिचमारा लोकांची भूमीही अशाच एका दाव्यातून परत आली. त्यांच्या मुलुखात, पोर्टलंड येथे, ॲल्युमिनियमचा कारखाना होणार होता. त्यात पूर्वजांच्या खुणा नष्ट होतील म्हणून सँड्रा ओनस आणि ख्रिस्तिना फ्रँकलंड या दोन स्त्रिया कोर्टात गेल्या. दाद मागण्याचा हक्कच त्यांना नाही, असे आधी म्हटले गेले. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने तो हक्क मान्य केला. त्यातून झालेल्या तडजोडीने १९८७ च्या कायद्याद्वारे लेक कोंडा मिशनची जमीन गुंडिचमारा लोकांना परत मिळाली. २००७ मध्ये मोठ्या मुलुखावरचा त्यांचा पारंपरिक हक्क कोर्टाने मान्य केला. वर्षांनुवर्षे चर खणून आटवलेल्या सरोवरात २०१० मध्ये बांध घालून पुन्हा पाणी अडवले गेले.

हा क्रम ध्यानात घ्यावा. आधी हक्क, मग भूमी, मग पाणी, आणि शेवटी पाहुणे.

४. न सांगण्याचाही हक्क

दुसरे ठिकाण उलुरू. मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात उभा असलेला हा ३४८ मीटर उंचीचा तांबडा खडक अनांगू लोकांसाठी पवित्र आहे. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी सरकारने ही भूमी त्यांना परत दिली आणि त्यांनी ती राष्ट्रीय उद्यानासाठी ९९ वर्षांच्या कराराने सरकारला वापरायला दिली. उद्यानाच्या मंडळात अनांगू सभासद बहुसंख्य आहेत. खडकावर चढू नका, अशी त्यांची विनंती अनेक वर्षे पायथ्याशी फलकावर लिहिलेली होती, तरी हजारो लोक चढत राहिले. २०१७ मध्ये मंडळाने निर्णय घेतला आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई कायमची बंद झाली.

आज पाहुणे पायथ्याभोवती चालतात. काही जागांचे फोटो काढू नयेत, असे तेथे सांगितले जाते. काही कथा फक्त पुरुषांच्या, काही फक्त स्त्रियांच्या, त्या परक्याला सांगत नाहीत. ज्याच्या घरी आपण आलो त्याने दार कुठवर उघडायचे, हे तोच ठरवतो.

५. प्रभूने पाठवलेला पाहुणा

दुसऱ्या शास्त्रपाठात प्रभू येशू शिष्यांना पाठवतो, ते पाहुणे म्हणून. घरात शिरताच शांती म्हणा, त्याच घरी राहा, ते देतील ते खा-प्या, घरे बदलत फिरू नका. सुवार्ता नेणारा सेवक घरमालक होऊन जात नाही. तो दुसऱ्याच्या चुलीवरचे अन्न घेतो आणि त्याचा उपकार मानतो. लेक कोंडाच्या मिशनमध्ये अन्न होते, शाळा होती, प्रार्थना होती. पण पाहुणा म्हणून आलेली मिशन यजमान होऊन बसली आणि घरचे लोक आपल्याच भूमीवर पाहुणे झाले.

आता आपल्याकडे वळू. वारली समाजात तारपा वाजतो तो भाताच्या नव्या पिकाच्या दिवसांत. लग्नाचा चौक सवासिनी लिहितात आणि धवलेरी गाते. उन्हाळ्यात एखाद्या पाहुण्यासाठी तारपा वाजवायला सांगणे म्हणजे काय, हे आपण पाड्यातल्या जाणत्यांना विचारले पाहिजे. ते हो म्हणतील किंवा नाही म्हणतील. दोन्ही उत्तरे आपल्याला मान्य असावीत.

हक्काचा क्रम आपल्याकडेही दिसतो. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर २०११ मध्ये बांबू वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. आधी वन आपले झाले, मग बांबूचा पैसा गावात आला. पर्यटनाचेही तसेच आहे. वनहक्काचे दावे पडून असताना पाड्यात पाहुण्यांसाठी झोपड्या बांधल्या, तर पैसा बाहेरच्याच खिशात जाण्याची भीती मोठी.

चर्चेसाठी प्रश्न

१) आपल्या प्रकल्पात पाहुणा येतो तेव्हा बोलतो कोण? आपण, की गावचा माणूस?
२) पाहुण्याने दिलेला पैसा कोणाच्या हाती जातो आणि त्याचा हिशेब कोणापुढे मांडला जातो?
३) कोणत्या जागा, विधी, गाणी दाखवायची नाहीत, हे आपण गावाला कधी विचारले आहे का?
४) आपल्या भागातील सलाफहादाच्या मुली कोण? त्या उभ्या राहिल्या, तर मंडळी त्यांच्या बाजूने उभी राहील का?

प्रार्थना

हे प्रभो, तू दुसऱ्यांच्या घरी जेवलास, विहिरीवर परक्या स्त्रीकडे पाणी मागितलेस. आम्हांला चांगले पाहुणे होण्यास शिकव. ज्यांचे वतन हिरावले गेले त्यांचे म्हणणे ऐकण्यास आम्हांला कान दे, आणि तुझ्यासमोर ते मांडण्यास धैर्य दे. आमेन.