वाळूच्या गोळ्या कोण वळतं?

डहाणू, नरपड, चिखले, बोर्डी आणि पुढे तलासरी तालुक्यातलं झाई. हा सगळा किनारा इतका सपाट, की ओहोटीला समुद्र शोधत जावं लागतं. आमची हॉस्टेलची गँग बोर्डीला गेली की ओल्या वाळूवर बारीक बारीक गोळ्या पसरलेल्या दिसतात, एकेका भोकाभोवती किरणांसारख्या रांगांत. ही खेकड्याची अंडी, असं मी फर्स्ट इयरला छातीठोकपणे सांगायचो! प्रत्यक्षात ती खाऊन टाकलेली वाळू असते.

हा उद्योग नखाएवढ्या डोटिला खेकड्याचा. ओहोटी लागली की तो बिळातून वर येतो, नांग्यांनी वाळूचा वरचा थर खरवडून तोंडाशी नेतो आणि कल्ल्यांच्या पोकळीतलं पाणी सोडून ती घुसळतो. जड वाळू खाली बसते, सूक्ष्म शैवाल आणि सेंद्रिय कण तरंगतात. तेवढे गिळायचे, उरलेल्या वाळूची गोळी करून टाकायची. भरतीआधी पुन्हा बिळात. वर वाळूचं बूच, आत कोंडलेली हवा.

वर सुरूच्या झाडांकडे मोठी बिळं दिसतात, ती ऑसिपोडची. रंग वाळूचा, डोळे दांड्यांवर, एक नांगी मोठी. हा बहुधा रात्री फिरतो. जमिनीवर राहत असला तरी त्याचे कल्ले ओले लागतात, म्हणून बीळ ओलसर थरापर्यंत जातं. ते ढासळत का नाही? सिव्हिलवाल्यांनो, हे तुमच्याच सॉइल मेकॅनिक्समधलं आहे. कणांमधल्या थोड्याशा पाण्याचा पृष्ठताण वाळूला धरून ठेवतो. वाळू पूर्ण कोरडी झाली किंवा पाण्याने पूर्ण भरली, की ही पकड गेली.

मागच्या हिवाळ्यात आम्ही वाळूवर बाईक घातल्या. मजा आली, खोटं कशाला बोलू? परतताना चाकोरीत पाहिलं तर बिळांची तोंडं बुजलेली, आणि एक ऑसिपोड चिरडलेला. किनाऱ्यावर माणसाचा त्रास किती, हे जोखायला संशोधक याच खेकड्यांची बिळं मोजतात, हे मला नंतर वाचनात आलं. त्या दिवशी आमच्या चाकाखाली किती गेली, कुणी मोजली?

आता बाईक रस्त्यावरच लावतो. तुम्हाला बघायचं असेल तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास जा, तेव्हा पाणी सर्वांत लांब हटतं. वेळ मात्र रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. बिळापासून थोडं लांब बसा आणि अजिबात हलू नका. पाचेक मिनिटांत एक येतो वर, मग दुसरा.