पाठविण्यापूर्वीं पारखावें

विद्यार्थिमित्रहो, आपण नित्य पाहतों त्या बहुतेक संकेतस्थळांच्या मुळाशीं अनेकांनीं मिळून रचलेल्या लायब्ररी असतात. येथें लायब्ररी म्हणजे पुस्तकांची खोली नव्हे. वारंवार लागणाऱ्या कामांसाठीं एकदाच लिहून ठेवलेल्या कोडचा तो संच होय. यांपैकीं ज्या मुक्तस्रोत, अर्थात् ओपन सोर्स, असतात त्यांचा कोड कोणासही वाचतां येतो व त्यांत सुधारणा सुचवितां येते. शाळेंतील विद्यार्थ्यासही ही वाट मोकळी आहे. मात्र सुधारणा पाठविण्यापूर्वीं ती आपल्याच संगणकावर कशी पारखावी, हें आधीं शिकलें पाहिजे.

या बाबतींत इ. स. २०२० मधील एक घटना बोधप्रद आहे. जावास्क्रिप्ट भाषेंत ‘इज-प्रॉमिस’ नांवाची एक चिमुकली लायब्ररी आहे. पुढें पुऱ्या होणाऱ्या कामाचा निकाल ज्या वस्तूंत येणार असतो, तिला त्या भाषेंत ‘प्रॉमिस’ म्हणतात. हातीं आलेली वस्तु तशी आहे कीं नाहीं, एवढेंच ही लायब्ररी सांगते. तिचा मुख्य कोड अवघ्या कांहीं ओळींचा. परंतु प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष रीतीनें तिच्यावर लाखों प्रकल्प अवलंबून होते. २५ एप्रिल रोजीं तिची २.२.० ही आवृत्ति निघाली. मॉड्यूल जोडण्याची नवी पद्धतिही चालावी, हा तिचा हेतु. परंतु पॅकेजच्या माहिती-फाइलींत मार्ग लिहितांना आरंभींचें टिंब व तिरपी रेघ राहून गेली. तत्काळ नोडच्या नव्या आवृत्त्यांवर ‘क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप’सारखीं साधनें अडून बसलीं. कांहीं तासांत दुरुस्ती झाली. पण तोंवर अनेकांचा खोळंबा झाला.

येथें दोष मुख्य कोडमध्यें नव्हता, वेष्टनांत होता. लायब्ररीच्या फोल्डरांतच थेट फाइल उघडून केलेल्या चांचणीस तो मार्ग वाचावाच लागत नाहीं. म्हणून असा दोष तेथें दृष्टीस पडत नाहीं. घरीं पातेल्यांतील भाजी कितीही चाखली, तरी डबा उघडणाऱ्यास डब्यांत जें भरलें असेल तेंच मिळतें!

यास्तव क्रम असा असावा. प्रथम लायब्ररीची प्रत उतरवून घ्यावी आणि कांहींही न बदलतां तिच्या सर्व चांचण्या चालवाव्या. म्हणजे पूर्वींचे दोष कोणते व आपले कोणते, हा घोळ होत नाहीं. नंतर जो दोष काढावयाचा, तो पकडणारी नवी चांचणी लिहावी. ती आधीं नापास झाली पाहिजे. जी चांचणी नापास होऊंच शकत नाहीं, ती कांहींच सिद्ध करीत नाहीं. मग बदल करून ही नवी व जुन्या सर्व चांचण्या पुन्हा चालवाव्या.

शेवटची पायरी बहुधा गाळली जाते. ‘एनपीएम लिंक’ या आज्ञेनें आपलें फोल्डर दुसऱ्या प्रकल्पास जोडतां येतें. तें सोयीचें खरें, परंतु पॅकेजांत न जाणाऱ्या फाइलीही तेथें हजर असतात. म्हणून ‘एनपीएम पॅक’नें खरें गांठोडें बांधावें, एका वेगळ्या, रिकाम्या प्रकल्पांत तें बसवावें आणि निरनिराळ्या नोड-आवृत्त्यांवर चालवून पाहावें. लायब्ररी पानावर दिसणारी असेल, तर ती एकाहून अधिक ब्राउझरांत उघडावी.

पालकांसही एक विनंति आहे. आपला मुलगा अथवा मुलगी एका ओळीच्या बदलासाठीं तास-दोन तास बसलेली दिसल्यास तो वेळ वायां गेला असें मानूं नये. ती ओळ जेथें पोहोंचेल तेथील माणसें आपणांस कधीं दिसणार नाहींत. त्यांचें काम अडूं नये म्हणून आधीं स्वतः कष्ट घेणें, यांतच या विद्येचें खरें शील आहे.